बीडचा पाऊस कितव्या बाइटवर? एचडीएफ५च्या मांडणीची समीक्षा

दिवाळीत गावी गेलो होतो. आप्पांनी (माझे चुलते) विचारलं, "तू पावसाचाच अभ्यास करतोस ना रे? मग सांग, बहात्तरला आपल्याकडं नेमका किती पडला होता?" त्यांना सुकडी आठवते, खडी फोडायची कामं आठवतात, आकडा मात्र कुणी कधी सांगितलेला नाही. मी म्हणालो, लॅपटॉपमध्ये आहे, काढून देतो. तेवढ्यात त्यांचा पुढचा प्रश्न आला, "आणि बहात्तरहून कमी कधी पडला का? आमच्या आज्याच्या काळात?"

आता हा एका वर्षाचा प्रश्न राहिला नाही. एका जागेचा शंभरहून जास्त वर्षांचा इतिहास झाला. माझ्याकडे १९०१ ते २०२३ चा रोजचा पाऊस एकाच फाइलमध्ये होता. डिपार्टमेंटमधल्या सीनियरने जोडून, दाबून दिलेली ती फाइल नेटसीडीएफ-४ मध्ये होती, म्हणजे आतून एचडीएफ५. बीड जिल्ह्यातल्या एकेका चौकटीची मालिका काढायचा लूप लावला, चहा झाला, शेजारी जाऊन आलो, तरी लूप चालूच. गंमत म्हणजे हवा असलेला डेटा जेमतेम अडीच-तीन एमबी होता. दोष लॅपटॉपचा नव्हता, पायथनचाही नव्हता. फाइल आतून कशी लावली आहे, त्यात होता.

ही समीक्षा त्या मांडणीची आहे. पीएचडीला येऊ पाहणाऱ्यांपैकी बरेच जण "फॉरमॅट म्हणजे एक्स्टेन्शन" असं समजून येतात. मीही तसाच आलो होतो.

तुलनेसाठी आधी एक अगदी साधी फाइल बघू. भारतीय हवामान खात्याचं पुणे कार्यालय पाव अंशाच्या ग्रिडवरचा रोजचा पाऊस १९०१पासून देतं. त्यातलं एक रूप म्हणजे वर्षाला एक अशी जीआरडी फाइल. तिच्यात शीर्षक नाही, नाव नाही, काहीच नाही. आहेत ते फक्त चार-चार बाइटचे दशांश आकडे, एकामागे एक. पहिला आकडा ६.५ उत्तर अक्षांश आणि ६६.५ पूर्व रेखांशाचा. मग त्याच अक्षांशावर पूर्वेकडे सरकत १३५ आकडे. मग पुढचा अक्षांश, असे १२९. हा झाला १ जानेवारी. लगेच पुढे २ जानेवारी.

म्हणजे एका दिवसाचे १३५ गुणिले १२९, एकूण १७,४१५ आकडे, चारने गुणले की ६९,६६० बाइट. बीड शहर साधारण १९ अंश उत्तर, ७५.७५ अंश पूर्व या बिंदूला येतं. तळापासून पन्नासावी ओळ, डावीकडून सदतिसावा रकाना (मोजणी शून्यापासून). पन्नास गुणिले १३५ अधिक ३७ म्हणजे ६,७८७, आणि त्याची चौपट २७,१४८. बीडचा पाऊस दर दिवसाच्या तुकड्यात २७,१४८व्या बाइटपासून सुरू होतो. १५ ऑगस्ट १९७२ हवाय? ते लीप वर्ष, म्हणून तो २२८वा दिवस. २२७ गुणिले ६९,६६०, अधिक २७,१४८. उत्तर १,५८,३९,९६८. तिथे जा, चार बाइट उचला, संपलं. वही-पेनाने करता येतं, आणि एकदा तरी करून बघाच.

(अंबाजोगाईच्या मित्रांसाठी: तुमचं गाव ७६.२५ आणि ७६.५ या दोन बिंदूंच्या जवळजवळ बरोब्बर मध्ये येतं. कुठली चौकट आपली म्हणायची ते तुम्ही ठरवा आणि प्रबंधात लिहा.)

या साधेपणाला मी कमी लेखत नाही. पण तो सगळा भार वाचणाऱ्यावर टाकतो. १३५ आणि १२९ हे आकडे फाइलमध्ये कुठेच नाहीत, सोबतच्या माहितीपत्रकात आहेत. ते हरवलं तर हातात अडीच कोटी बाइट उरतात. बाइटचा क्रम कुठला, हेही लिहिलेलं नाही. आपल्या नेहमीच्या कॉम्प्युटरवर धाकटा बाइट आधी येतो. चुकून उलट्या क्रमाने वाचलं तर १२.५ मिलिमीटरचा पाऊस शून्याजवळचा इतका बारीक आकडा होतो की प्रिंट केल्यावर शून्यच वाटावा. "माहिती नाही" यासाठी ठेवलेला उणे ९९९ हासुद्धा तसाच शून्यापाशी येऊन बसतो. काही आकडे अवाढव्यही होतात, आणि ते दिसले तर तुमचं नशीब. नाहीतर नकाशावर देशभर कोरडा ठणठणीत दुष्काळ, आणि प्रोग्रामने एकही एरर दिलेली नसते.

एचडीएफ५ या दुखण्यावरचं औषध म्हणून आलं. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रात १९९८च्या सुमारास ते तयार झालं. आज नासाचा पाऊस त्यात येतो, इस्रोच्या मॉसडॅकवरचा इन्सॅट-३डीचा डेटा त्यात येतो, आणि २००८पासून नेटसीडीएफ-४ त्याच्याच पाठीवर बसून चालतं. एनसी एक्स्टेन्शनवर मात्र विसंबू नका. जुनी नेटसीडीएफ आणि नवी, दोन्ही तेच वापरतात. हेक्स-व्ह्यूअरमध्ये उघडा. पहिली तीन अक्षरं सी-डी-एफ असतील तर जुनी. पहिला बाइट विचित्र आणि त्यापुढे एच-डी-एफ असेल तर आत एचडीएफ५.

तो विचित्र बाइट फार हुशारीने निवडलाय. फाइलची सही आठ बाइटची आहे: १३७, ७२, ६८, ७०, १३, १०, २६, १०. मधले ७२, ६८, ७० म्हणजे एच, डी, एफ. १३७ मुद्दाम १२७च्या वरचा घेतलाय, म्हणजे कुणी सात बिटांच्या जुन्या मार्गाने फाइल पाठवली तर तो पहिल्याच पावलाला मोडेल आणि कळेल. १३ आणि १० ही विंडोजची ओळ-समाप्तीची जोडी. कुणी फाइल "टेक्स्ट" समजून पाठवली आणि मधल्या सॉफ्टवेअरने ओळींची टोकं बदलली, तर ही जोडी बिघडते. शेवटचा एकटा १० उलट्या दिशेचा बदल पकडतो. २६ जुन्या डॉसमध्ये "फाइल संपली" असं सांगतो, म्हणजे स्क्रीनवर कचरा ओतला जात नाही. हीच युक्ती पीएनजी चित्रांच्या सहीतही आहे. प्रवासात फाइलचं काय काय होऊ शकतं याचा विचार कुणीतरी बसून केलाय, हे आठ बाइटांतच दिसतं. हे मला मनापासून आवडतं.

सहीच्या मागे सुपरब्लॉक. पत्ते किती बाइटचे आहेत, फाइल कुठे संपते आणि मूळ गट कुठे आहे, एवढं तो सांगतो. तिथून पुढे वाचन सरळ रेषेत होत नाही, पत्त्यावरून पत्त्याकडे जातं. मूळ गटातून "पाऊस" या नावाच्या डेटासेटचा पत्ता मिळतो. तिथे त्याचं शीर्षक असतं आणि शीर्षकात छोटे छोटे निरोप: मिती किती, आकडा कुठल्या जातीचा, बाइटचा क्रम कोणता, रिकाम्या जागी काय भरायचं, दाबलंय का, आणि सगळ्यात महत्त्वाचा, डेटा कसा मांडलाय. जीआरडीत जे कागदावर होतं ते इथे फाइलच्या पोटात आलं. त्यामुळे उलट-सुलट बाइटची भानगड मिटते, कारण लायब्ररी निरोप वाचून स्वतःच पलटवून घेते.

मांडणीचे नेहमीचे प्रकार तीन. अगदी छोटा डेटा असेल तर तो शीर्षकातच बसवतात. दुसरा सलग, म्हणजे जीआरडीसारखा एका रांगेत. तिसरा चंक, म्हणजे ठरावीक आकाराचे ठोकळे. प्रत्येक ठोकळा फाइलमध्ये कुठेही पडलेला असू शकतो. कुठला ठोकळा कुठे आहे याची सूची वेगळी, बहुधा बी-ट्री या झाडासारख्या रचनेत. जुन्या पद्धतीच्या फाइलीत हेक्समध्ये शोधलंत तर टी-आर-ई-ई ही चार अक्षरं खरोखर दिसतात, ते त्या झाडाचं नाव. दाबायचं असेल तर ठोकळा हवाच, कारण दाबणं ठोकळ्यागणिक होतं. आणि दाबलेल्या ठोकळ्यातून चार बाइट काढता येत नाहीत. अख्खा सोडवावा लागतो.

माझी मुख्य तक्रार इथूनच सुरू होते.

तलाठ्याकडचं दप्तर आठवा. सातबारा गट नंबरावर लावलेला असतो, आठ-अ खातेदारावर. जमीन तीच, नोंदी त्याच. "या गटात कोणाकोणाचा हिस्सा" विचारायचं तर सातबारा, "या माणसाच्या नावावर कुठे कुठे किती" विचारायचं तर आठ-अ. गावानं दोन्ही नमुने ठेवले, कारण दोन्ही प्रश्न रोज येतात. फाइलला मात्र एकच मांडणी निवडावी लागते. ती निवड म्हणजे चंकचा आकार.

माझ्या सीनियरने फाइल बनवताना वेळेची मिती "वाढती" ठेवली होती, म्हणजे पुढची वर्षं जोडता यावीत. अशा वेळी तुम्ही काहीच सांगितलं नाही तर नेटसीडीएफची लायब्ररी वेळेच्या दिशेने चंकची लांबी एक धरते. म्हणजे एक दिवस, एक ठोकळा, ६९,६६० बाइटचा. १९०१ ते २०२३ हे ४४,९२५ दिवस, तितकेच ठोकळे. "१५ ऑगस्टचा देशाचा नकाशा दाखव" या प्रश्नाला एक ठोकळा सोडवला की काम झालं. पण "बीडचा सगळा इतिहास दे" म्हटलं की ४४,९२५ ठोकळे सोडवायचे. सुमारे ३.१ जीबी डेटा उलगडायचा, त्यातला १८० केबी ठेवायचा, बाकी फेकून द्यायचा. उपयोगाच्या एका बाइटमागे १७,४१५ बाइट. आणि लायब्ररी सोडवलेले ठोकळे जिथे ठेवते ती तात्पुरती जागा बरीच वर्षं डेटासेटमागे फक्त एक एमबी होती. माझी लायब्ररी त्याच काळातली. त्यात जेमतेम पंधरा दिवस मावतात. म्हणून दुसऱ्या चौकटीसाठी लूप फिरला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. बीड जिल्ह्यावर साधारण पंधरा चौकटी येतात. म्हणजे ४७ जीबी उलगडायचं, अडीच-तीन एमबीसाठी.

आता जीआरडीकडे परत या. तिथे दाबलेलं काही नाही, म्हणून प्रोग्राम दर दिवशी २७,१४८व्या बाइटवर उडी मारतो. डिस्क एका वेळी चार केबी वाचते असं धरलं तरी वर्षाला दीड एमबीच्या आत काम होतं. बिनशीर्षकाची, अडाणी म्हणून हिणवलेली फाइल या प्रश्नाला आधुनिक फाइलपेक्षा कितीतरी जास्त चपळ निघाली. जीआरडीची मांडणीसुद्धा दिवसागणिकच आहे, पण तिने दरवाजे बंद केलेले नाहीत. एचडीएफ५च्या दाबलेल्या फाइलीत प्रत्येक ठोकळा म्हणजे कुलूपबंद खोली.

यावर एचडीएफ५चे समर्थक म्हणतील, दोष फॉरमॅटचा नाही, चंक चुकीचा निवडला. अर्धं खरं आहे. पण "निवडला" हे क्रियापदच मला खटकतं. कुणी निवडला? सीनियरला विचारलं तर तो म्हणाला, "चंक? मी तर फक्त कॉम्प्रेशन ट्रू केलं." फॉरमॅटने इतका मोठा निर्णय डिफॉल्टमध्ये ढकलला आणि फाइल वाचताना तो दिसणारही नाही असा ठेवला. एनसीडम्प साध्या हेडर पर्यायासोबत चालवलंत तर मिती दिसतात, नावं दिसतात, चंक दिसत नाही. त्यासाठी खास गुणधर्म दाखवणारा वेगळा एस पर्याय लावावा लागतो, आणि तो आहे हे मला संशोधनाच्या दुसऱ्या वर्षी कळलं. "स्वतःबद्दल सगळं सांगणारी फाइल" अशी जिची जाहिरात, तिने हीच गोष्ट विचारल्याशिवाय सांगू नये?

आणि हे डिफॉल्ट तटस्थ नाही. डेटा ज्याने जमवला त्याच्या सोयीचं ते आहे. हवामानशास्त्रज्ञ रोज नकाशा काढतो, उपग्रह अर्ध्या तासाला एक चित्र पाठवतो, म्हणून फाइल काळागणिक कापली जाते. नासाच्या आयमर्ग पावसाचं उदाहरण घ्या: अर्ध्या तासाला एक एचडीएफ५ फाइल, वर्षाला १७,५२०. एका गावाचं एक वर्ष हवं असेल तर इतक्या फाइली उघडा. (त्यात रेखांश आधी आणि अक्षांश नंतर येतो. न बघता नकाशा काढलात तर भारत आडवा पडतो. हे मी एका सेमिनारमध्ये भर सभेत करून दाखवलंय.) आतली मांडणी कितीही सुंदर असो, बाहेरची कापणीच उत्पादकाच्या घड्याळावर झालेली. एका जागेचा माणूस, म्हणजे शेतकरी, तालुक्याचा अधिकारी, किंवा पीक विम्याच्या वादात महसूल मंडळाचा इतिहास शोधणारा कुणी, आडवा प्रश्न विचारतो. त्याचा प्रश्न अवघड नाही, फाइलला तो महाग पडतो. आपण संशोधक मग नकळत स्वस्त प्रश्नांकडे सरकतो. माझ्या पहिल्या वर्षाच्या प्रगती अहवालात नकाशे भरपूर होते, एकाही गावाची मालिका नव्हती. तेव्हा वाटलं तो विषयाचा कल असेल.

मग मी फाइल पुन्हा बांधायला घेतली. पहिला मोह टोकाचा: प्रत्येक चौकटीचा अख्खा इतिहास एका ठोकळ्यात. बीडचा प्रश्न एका ठोकळ्यात सुटतो खरा, पण आता एका दिवसाचा नकाशा काढायला सगळे १७,४१५ ठोकळे, म्हणजे तेच ३.१ जीबी. तीच चूक उलटी करून. मधला मार्ग म्हणून ३६५ दिवस, १५ अक्षांश-ओळी, १५ रेखांश-रकाने असा ठोकळा घेतला. दाबण्याआधी ३,२८,५०० बाइट. एका जागेचा इतिहास: १२४ ठोकळे, ४१ एमबीच्या आत. एका दिवसाचा देश: ८१ ठोकळे, साधारण २७ एमबी. दोन्ही प्रश्नांना थोडा थोडा भुर्दंड. आणि नशिबाने १५-१५ची ही विभागणी अशी पडते की १७.७५ ते २१.२५ उत्तर, ७४ ते ७७.५ पूर्व एवढा पट्टा एका ठोकळ्यात येतो. पाटोदा-आष्टीपासून परळीपर्यंत सगळा बीड जिल्हा त्यात मावतो. पंधरा चौकटी एका फटक्यात. तुमचा जिल्हा असा बसेलच असं नाही. चार ठोकळ्यांच्या कोपऱ्यावर आला तर चौपट काम.

हे बांधकाम चालू असताना रात्री साडेबाराला वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली आहे. सकाळी फाइल उघडली तर एरर: फाइल अर्धवट, सुपरब्लॉकमध्ये लिहिलेला शेवट आणि प्रत्यक्ष शेवट जुळत नाही. आत ऐंशी-नव्वद वर्षांचा डेटा बाइटरूपात पडलेला होता, जागाही व्यापत होता, पण कुठला ठोकळा कुठे हे सांगणारी सूची मेमरीत राहून गेली. एचडीएफ५ सूची आणि शीर्षकं आधी मेमरीत सांभाळतं आणि सवडीने डिस्कवर उतरवतं. मधेच प्रोग्राम मेला तर दप्तर आहे, पण अनुक्रमणिका जळाली. जीआरडी असती तर शेवटच्या पूर्ण दिवसापर्यंतचं सगळं वाचता आलं असतं. पुणे-मुंबईच्या लॅबमध्ये यूपीएस असतो, त्यामुळे हा दोष पाठ्यपुस्तकात तळटीप म्हणून जातो. आमच्याकडे तो मुख्य मजकूर आहे. २०१६च्या १.१० आवृत्तीत एक जण लिहीत असताना बाकीच्यांनी वाचावं अशी सोय आली, आणि तिच्यात सूची क्रमाने डिस्कवर उतरते. पण ती मुद्दाम चालू करावी लागते आणि तिला स्वतःच्या अटी आहेत.

हीच तक्रार मोठ्या जागी झालेली आहे. मेंदूच्या नोंदींसाठी सॉफ्टवेअर लिहिणारे सिरिल रोसाँ यांनी २०१६ साली आपला प्रकल्प एचडीएफ५वरून का हलवला याबद्दल लिहिलं. सगळी अंडी एका फाइलमध्ये, बिघडली की सगळं जातं. नियमपुस्तिका इतकी जाड की व्यवहारात एकच लायब्ररी, तिला पर्याय नाही. हे मुद्दे मला पटतात. नियमपुस्तिका वाचायला घेतली तेव्हा एका डेटासेटपर्यंत पोचायला मला तीन संध्याकाळ लागल्या. शिवाय आतला एखादा डेटासेट खोडला तरी फाइल लहान होत नाही. रिकामी जागा तशीच राहते, वेगळं टूल वापरून फाइल पुन्हा बांधल्याशिवाय सुटत नाही.

पण त्यांनी सुचवलेला उपाय, म्हणजे साधे फोल्डर, त्यात कच्च्या बाइटच्या फाइली आणि शेजारी वर्णनाची छोटी मजकूर-फाइल, मला पूर्ण पटत नाही. ती जीआरडीच आहे, कागद टाचणीने लावलेली. टाचणी निघते. पेन ड्राइव्हवरून कॉपी करताना बाइट येतात, वर्णन मागे राहतं. हे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिलंय. अलीकडे झार नावाचा फॉरमॅट बराच चालतो. तो प्रत्येक चंक वेगळी फाइल म्हणून ठेवतो. क्लाउडवर ते उत्तम. माझ्या हार्ड डिस्कवर मात्र हजारो बारक्या फाइली कॉपी करायला जो वेळ लागतो, त्यात एक एकादशी उरकते. एकाच फाइलचा हट्ट म्हणूनच मला चुकीचा वाटत नाही. चुकीचं वाटतं ते सूची इतकी नाजूक ठेवणं.

दुसरी तक्रार कौतुकातूनच येते. एचडीएफ५मध्ये अर्थ लिहायला जागा आहे, पण सक्ती नाही. माझ्या सीनियरच्या फाइलमध्ये एकक लिहिलेलं होतं. उणे ९९९ म्हणजे "माहिती नाही" हे लिहिलेलं नव्हतं, म्हणून ग्रिडच्या कडांची सरासरी उणे आली. पाऊस उणे आला की माणूस दचकतो तरी. खात्याच्या एक अंशी तापमान-फाइलीत हाच "माहिती नाही"चा आकडा ९९.९ आहे. तो सरासरीत गेला तर तापमान थोडं वाढेल आणि कुणाला संशय येणार नाही. जागतिक तापमानवाढीवर एक परिच्छेदही लिहून होईल! दिवसाचंच घ्या. खात्याचा "१५ ऑगस्टचा पाऊस" म्हणजे आदल्या दिवशी सकाळी साडेआठपासून १५ला सकाळी साडेआठपर्यंतचा. वेळेच्या दोन्ही सीमा नोंदवायची रीत नेटसीडीएफच्या सीएफ संकेतांमध्ये आहे. पण मी बनवलेली पहिली फाइल, सीनियरची फाइल आणि नेटवरून घेतलेल्या आणखी दोन, चारहीमध्ये नुसती तारीख होती. उपग्रहाच्या पावसाशी तुलना करताना मग एक दिवसाचा घसरा पडतो आणि आपण उपग्रहाला दोष देतो.

तरीही मी एचडीएफ५वरच राहिलो. दुसऱ्या वेळी वर्षागणिक वेगळी फाइल लिहिली, प्रत्येक वर्षानंतर बंद केली, आणि शेवटी दिवसा, वीज असताना, सगळ्या जोडल्या. बाइटचा क्रम, एकक, उणे ९९९, साडेआठची सीमा, कुठल्या तारखेला खात्याकडून उतरवली, चंक किती आणि का, हे सगळं फाइलच्याच गुणधर्मात लिहिलं. प्रबंधाच्या पद्धती-प्रकरणातही दोन वाक्यं चंकवर घातली. गाइड म्हणाले, हे कोण वाचणार? मी ठेवली.

एक बारीक गोष्ट राहिली. मी ३६५चा ठोकळा घेतला तेव्हा मनात "एक ठोकळा म्हणजे एक वर्ष" असं होतं. तसं नाही. १९०४ पहिलं लीप वर्ष, तिथून प्रत्येक लीप वर्षाला सीमा एक दिवस मागे सरकते. २०२३पर्यंत असे तीस दिवस साचले आणि १२४व्या ठोकळ्यात जाऊन पडले: २ डिसेंबर ते ३१ डिसेंबर २०२३. त्या ठोकळ्यात ३३५ दिवस रिकामे आहेत. २०२४ जोडताना तेवढे तिथे बसतील आणि उरलेल्या ३१ दिवसांसाठी नवा ठोकळा उघडेल.

आप्पांना मालिका दाखवली. बहात्तरचा खड्डा दिसला, आधीचेही दिसले. सोबत हेही सांगितलं की हा आकडा आपल्या गावचा नाही. आजूबाजूच्या पर्जन्यमापकांवरून काढलेला, सातशेहून जास्त चौरस किलोमीटरच्या चौकटीचा आहे. ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मग त्या चौकटीत आपलं रान कुठंय?"

त्यासाठी आता मंडळनिहाय नोंदी गोळा करतोय. त्या कागदावर आहेत.